भीक नको, पण अपडेट आवर

'अपग्रेड' हा शब्द फोनच्या बाबतीत ज्याने पहिल्यांदा वापरला, त्याला एकदा शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर उभं करावं आणि विचारावं, बाबा रे, 'अप' म्हणजे नक्की कोणती बाजू? कारण गेले काही महिने माझा फोन ज्या दिशेला निघालाय, तिला आमच्या नागपुरात तरी 'खाली' म्हणतात.

(बाहेरगावच्या मंडळींसाठी: बर्डी म्हणजे सीताबर्डी. कागदोपत्री सीताबर्डी, तोंडी बर्डी. बर्डी म्हणजे टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई जिथे झाली ती हीच. पण नागपूरकराला बर्डी म्हटल्यावर किल्ला आठवत नाही. व्हरायटी चौक आठवतो, आणि आता डोक्यावरून जाणारी मेट्रो. वस्तू घ्यायची असो, दुरुस्त करायची असो की नुसती बघून परत यायचं असो, माणूस बर्डीवर जातो.)

तर फोन. अडीच वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेला, रोजच्या वापराचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीपुरतं नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री चार्जिंगला लावून झोपलो आणि सकाळी उठलो तर फोनने स्वतःचं अपग्रेड स्वतःच करून घेतलेलं होतं. 'अभिनंदन, तुमचा फोन आता अधिक हुशार झाला आहे' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर होता. अभिनंदन कोणाचं, कशाबद्दल, हे कळलं नाही. मी काहीच केलं नव्हतं.

हुशारीची लक्षणं दुपारपर्यंत दिसायला लागली. जी बॅटरी रात्री दहापर्यंत पुरायची ती साडेतीनला मान टाकायला लागली. फोन खिशात असला की मांडीला चटका. बँकेचं ॲप उघडायला इतका वेळ घेई की दूधवाला म्हणायचा, काका राहू द्या, उद्या द्या. गाण्यांचं बटण जिथे होतं तिथे कंपनीच्या दुकानाची जाहिरात आली. आणि नवव्या दिवशी पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ उगवली. सुबक, सरळ, शाळेत पट्टीने समास आखावा तशी.

त्या आधी मराठीचं सांगतो, कारण इथे येणाऱ्या जुन्या ब्लॉगरांना ते जास्त लागेल. आपण 'बरहा'वर अक्षर अक्षर जुळवून लिहायचो ते दिवस आठवा. 'ॲप' मधला हा जो 'ॲ' आहे, त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, पाचशे एकव्या नव्हे, पाच पॉइंट एक आवृत्तीत. तोवर आपण 'अ' वर चंद्र चिकटवून वेळ भागवत होतो, आणि समोरच्याच्या संगणकावर चौकोन दिसत होते. एवढ्या खस्ता खाऊन मराठी फोनपर्यंत आली. माझ्या कळफलकाने अडीच वर्षांत माझी भाषा शिकून घेतली होती. 'ऱ्य' कधी आणि 'र्य' कधी हे त्याला कळायचं. अपग्रेडच्या रात्री तो सगळं विसरला. 'आहे' लिहायला घेतलं की 'है' सुचवतो. आणि भाच्याच्या मुंजीच्या हिशेबात मी जावयांना विचारलं, 'आचाऱ्यांना पाच हजार दिले का?' तर या दीडशहाण्याने ते 'आचार्यांना' करून पाठवलं. जावयांनी पाच हजार नेऊन गुरुजींना दिले! गुरुजींनी तोंडभर आशीर्वाद दिला, आणि स्वयंपाकी मांडवात ताटकळत बसला. (घरच्या मंडळींनो, आता हसणं पुरे. पैसे परत मागायचे कसे ते सुचवा.)

असो. हिरव्या रेघेकडे वळू.

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर बर्डीवरच आहे. टोकन घेऊन पाऊण तास बसल्यावर एका टाय लावलेल्या मुलाने फोन उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "सर, डिस्प्ले गेलाय. वॉरंटी संपलीय. अकरा हजार चारशे."

मी म्हटलं, अपडेट येईपर्यंत चांगला होता.

"सर, तो योगायोग असतो. आणि उन्हाळा पण आहे ना सर."

हे उन्हाळ्याचं मात्र मला सहन झालं नाही. नागपुरात उन्हाळा असतो ही बातमी आहे का? २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. दरवर्षी पंचेचाळीस तर आम्ही पन्ह्याच्या ग्लासासोबत गिळतो. आता गंमत बघा. ॲपलसारखी महागडी कंपनीसुद्धा आपल्या फोनच्या माहितीत लिहून ठेवते की हे यंत्र ० ते ३५ अंश तापमानात वापरण्यासाठी आहे. पस्तीस! आमच्याकडे मार्चातच दुपारी पस्तीस होतात. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर विदर्भातला माणूस वर्षातले निदान तीन महिने फोन दुपारी घराबाहेर काढूच शकत नाही. हे बर्डीच्या एकाही दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. विकताना नागपूर चालतं, आणि बिघडला की नागपूरचं ऊन आड येतं. बरं, ऊन आधीच्या दोन उन्हाळ्यांतही होतं. बदललं काय, तर सॉफ्टवेअर. नवं सॉफ्टवेअर बसल्यावर फोन पहिले काही दिवस आतल्या आत फाइलींची नव्याने यादी करतो, ॲप नव्याने जुळवतो, त्याने तापतो, हे कंपन्याच सांगतात. मग ते भर एप्रिलात, माझी परवानगी न घेता, चव्वेचाळीस अंशांच्या गावात कोणी सुरू केलं?

पण तो मुलगा काय करणार. त्याच्या पडद्यावर त्याला जे दिसतं ते तो वाचतो. मी तिथून निघालो आणि मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरलो. तिथे एका जिन्याखाली चार बाय सहाच्या जागेत एक मुलगा डोळ्याला भिंग लावून बसतो. माझ्या मुलाचा जुना फोन त्यानेच दोनदा जिवंत केलेला. फोन हातात घेतला, रेघ बघितली, आणि मान वर न करता विचारलं,

"काका, अपडेट मारला काय?"

"मी नाही मारला. त्यानेच मारून घेतला."

"मंग बरोबर. या हप्त्यात हा चवथा आला माझ्याकडे. कॉम्बो टाका लागते. ओरिजिनलचे साडेसहा हजार, कॉपीचे अडीच. पण कॉपी टाकली तं बोटानं उघडणार नाई, आताच सांगून देतो."

"आणि आधीचं सॉफ्टवेअर परत टाकून देतोस का?"

तेव्हा त्याने भिंग काढलं. "नाई ना काका. तो रस्ता बंद करून ठेवला त्याहीनं. जबरदस्ती मांग नेला तं फोन मरून जाते."

या एका वाक्यात माझी सगळी तक्रार आहे. पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण समजा.

जगात अशी दुसरी कोणती वस्तू आहे, जी विकून पैसे खिशात टाकल्यानंतरही विकणारा रात्री दोन वाजता घरात येऊन तिची मोडतोड करू शकतो? फ्रिजवाला येऊन भाजीचा कप्पा वर आणि बर्फाचा खाली करून गेलाय का कधी? शिंप्याने शिवून दिलेल्या सदऱ्याचे खिसे दोन वर्षांनी उसवून पाठीवर लावलेत का? ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या फोन ॲपचा चेहरामोहरा असाच रातोरात बदलला, तेव्हा देशभर लोक एकमेकांना विचारत होते की तुझंही असं झालं का. फोन उचलायची रीतच बदलली होती. मोबाइलवर आलेला कॉल उचलणे, ही ज्यासाठी मुळात फोन घेतला ती गोष्ट! आपल्यासारख्यांना अर्धा दिवस लागतो सवय व्हायला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मुलगा शनिवारी येईपर्यंत लागतात.

आणखी एक साधं उदाहरण. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून अशी सोय आहे की जे ॲप काही महिने वापरलं नाही त्याच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. नंतर ती जुन्या फोनांनाही लागू झाली. हेतू चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण पेन्शनरांचं हयातीच्या दाखल्याचं ॲप लागतं वर्षातून एकदा, नोव्हेंबरात. म्हणजे दर नोव्हेंबरात त्या ॲपला कॅमेरा दिसत नाही, आणि आजोबांना वाटतं आपला चेहरा सरकारला पटत नाहीये. चाळीस वर्षं नोकरी करून माणूस हयात आहे की नाही हे आता एका बटणावर ठरतं. ज्याने हे बटण केलं त्याच्या डोळ्यांसमोर वर्षातून एकदाच ॲप उघडणारा माणूस नव्हताच.

आता कोणीतरी म्हणणार (धाकटे दीर आमचे म्हणतीलच, असं सौ. आत्ताच मागून म्हणाली) की अपडेट सुरक्षेसाठी असतात. फोनवर यूपीआय आहे, बँक आहे, दार उघडं ठेवून चालेल का? अगदी मान्य. सुरक्षेची डागडुजी हवीच, आणि लवकर हवी. पण कुलूप बदलायला आलेला सुतार घराच्या भिंती हलवत नाही. सुरक्षेची लहानशी दुरुस्ती आणि नव्या रूपाचा अख्खा डोलारा ही दोन वेगळी कामं आहेत. वेगळी करता येतात, कित्येक फोनांना दर महिन्याला नुसती सुरक्षेची दुरुस्ती येतेच. पण मोठी आवृत्ती आली की दोन्ही एकाच पुडक्यात बांधतात, आणि 'घ्या नाहीतर चोर येईल' असं बजावून गळ्यात मारतात. चोराची भीती दाखवून सोफासेट विकण्यातला प्रकार.

दुसरा युक्तिवाद असा की कंपन्या आता सात सात वर्षं अपडेट द्यायचं वचन देतात, याचं कौतुक करा. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला तसं वचन दिलं, खरं आहे. महागड्या फोनात तेवढा दम असतो. पण साध्या फोनावर नवं, जड सॉफ्टवेअर लादलं की काय होतं याचा निकाल एका देशात आधीच लागून गेलाय. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये सॅमसंगला ५० लाख आणि ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. सॅमसंगच्या बाबतीत मुद्दा हा होता की नोट ७ साठी केलेलं सॉफ्टवेअर जुन्या नोट ४ वाल्यांना सतत आग्रह करून घ्यायला लावलं, त्याने फोन बिघडले, आणि मग दुरुस्तीचे भरमसाट पैसे मागितले. ग्राहकाला आधीच्या स्थितीत परत जायचा धड मार्ग दिला नाही, हेही त्या निकालात आहे. मोदी नंबरमधला तो मुलगा इटालियन वाचत नाही, पण निकाल त्याचाही तोच आहे.

ॲपलची कथा तर सगळ्यांना ठाऊक असेल. २०१७ च्या डिसेंबरात एका माणसाने आकडेवारी मांडून दाखवली की जुने आयफोन विशिष्ट अपडेटनंतर हळू होतात, आणि मग कंपनीने कबूल केलं की होय, बॅटरी जुनी झाली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून आम्हीच वेग कमी करतो. कारण तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. जुनी बॅटरी एकदम जास्त वीज मागितली की कोलमडते. पण मग हे आधी का सांगितलं नाही? लोकांना बॅटरी बदलायची होती, त्यांनी फोन बदलले. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये याच न सांगण्याबद्दल अडीच कोटी युरो वसूल केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

आपल्याकडे काय? अगदीच काही नाही असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं की आयओएस १८ नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी आल्या म्हणून ॲपलला नोटीस काढली आहे. हिरव्या रेघेच्या बोंबा तर इतक्या झाल्या की त्याच सुमारास वनप्लसने भारतात तेवढ्यासाठी स्क्रीनची आजीवन हमी जाहीर केली. (माझा फोन त्यांचा नाही. माझ्या कंपनीच्या लेखी हिरवी रेघ हा अजून योगायोगच आहे.) डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं, २०२५ मध्ये एका समितीने वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण पाटीवर छापा असंही सुचवलं. फ्रान्समध्ये ते गुण जानेवारी २०२१ पासून दुकानात दिसतात.

पण खरी मेख कायद्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' म्हणून एक अख्खं प्रकरण आहे. सदोष वस्तूने तुम्हाला इजा झाली तर भरपाई मागता येते. मी खुशीत वाचायला घेतलं. तर 'हानी' या शब्दाच्या व्याख्येतच लिहिलंय की खुद्द त्या वस्तूला झालेली हानी यात धरायची नाही! म्हणजे फोनने माझं बोट भाजलं तर दायित्व, फोनने स्वतःचाच पडदा जाळला तर नाही. मग उरतं जुनंच दार, वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी. तिथे मला विचारणार, दोष अपडेटमुळे आला हे सिद्ध करा. कसं करू? अपडेटमध्ये काय होतं ते कंपनीला ठाऊक. फोन किती तापला याची नोंद कंपनीकडे. त्या आठवड्यात अशा किती रेघा देशभर उगवल्या तो आकडाही त्यांच्याचकडे. माझ्याकडे काय, तर एक फोटो आणि जिन्याखालच्या मुलाचं 'या हप्त्यात हा चवथा'.

माझं म्हणणं म्हणूनच साधं आहे. विकून झाल्यावर वस्तू तुमची नाही असं मानत असाल तर तिला हात लावू नका. आणि हात लावायचा अधिकार ठेवायचा असेल तर हात लावल्याची जबाबदारीही ठेवा. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून एक वर्ष, आणि अधिकार मात्र सात वर्षं, हा कुठला न्याय? ज्या दिवशी कंपनीने फोनात शेवटचा बदल केला त्या दिवसापासून निदान सहा महिने तरी हमी नव्याने धरायला हवी. आणि परतीचा रस्ता हवा. महिनाभर आधीची आवृत्ती परत बसवता आली पाहिजे. 'सुरक्षेमुळे शक्य नाही' म्हणतात ना, तर मग आधीच्या आवृत्तीला फक्त सुरक्षेची डागडुजी देत राहा. ते खर्चिक आहे एवढंच खरं कारण आहे, तसं सांगा.

'जुनाच फोन जपून वापरायचा' हा उपायही आता उरलेला नाही. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड किटकॅटवर चालणं थांबवलं. अपडेट घेतलं तर फोन जातो, नाही घेतलं तर ॲप जातात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे 'अटी मान्य आहेत' असं बटण.

आता सद्यस्थिती. कॉम्बो टाकला, ओरिजिनल, साडेसहा हजारांचा. बिल छापील घेतलं. जुना पडदा पिशवीत घालून ठेवलाय. कंपनीला लेखी तक्रार केली, उत्तर आलं की फॅक्टरी रीसेट करून बघा. पडद्यावरची रेघ रीसेटने कशी पुसणार हे त्यांनी कळवलेलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. तिथे नाही जमलं तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या दाव्याला तिथे फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या गावी करता येते, हे नव्या कायद्यात चांगलं केलंय. मागण्या दोन लिहिल्यात. साडेसहा हजार परत, आणि त्या महिन्यात या मॉडेलच्या हिरव्या रेघेच्या तक्रारी किती आल्या तो आकडा. पैशांपेक्षा मला तो आकडा हवाय.

आणि घरच्यांसाठी एक. महालातल्या आत्याच्या फोनवर अपडेटचं निशाण आलेलं आहे, तिने काल विचारलं. सुरक्षेचं लहान असेल तर घ्या. मोठी आवृत्ती असेल तर तिच्या फोनात 'रात्री आपोआप' असं जे काही लिहिलंय ते आधी बंद करा आणि मी रविवारी येईपर्यंत कोणीही हात लावू नका. नोव्हेंबर जवळ आलाय.